गुडघ्याच्या गोळ्या

कॅन्सरच्या त्या वॉर्डात अक्कांना सगळेच अक्का म्हणत. डॉक्टर म्हणत, फरशी पुसणाऱ्या मावश्या म्हणत, सकाळी भरती झालेला पेशंटही दुपारपर्यंत म्हणायला लागे. सव्वीस वर्षं एकाच वॉर्डात काढल्यावर बाईचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरतं, तसं झालं होतं.

अक्कांची ख्याती होती ती शिरेसाठी. केमोची औषधं घेऊन घेऊन पेशंटच्या शिरा करपतात, दोरीसारख्या कडक होतात, नाहीतर आत कुठंतरी दडून बसतात. तीन-तीन जणींनी टोचून पाहिलं, पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलं की कुणीतरी म्हणायचं, "अक्कांना बोलवा." अक्का यायच्या. पेशंटचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन थोडा वेळ तशाच बसायच्या. मग दोन बोटांनी चाचपायच्या आणि पेशंटला घरचं काहीतरी विचारायच्या. तो उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत सुई आत गेलेली असायची. खालच्या मजल्यावरून, वरच्या मजल्यावरून त्यांना बोलावणी येत. त्या कुरकुर करत जात, पण ज्या दिवशी बोलावणं येत नसे त्या दिवशी त्यांना चुकल्यासारखं वाटे.

दुसरा मान होता बुधवारच्या तासाचा. शिकाऊ नर्सना औषधांची माहिती द्यायचा तास गेली अकरा वर्षं अक्काच घेत होत्या. कोणतं औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जाळतं, कोणत्या औषधानंतर लघवी लाल होते आणि घाबरायचं नाही, कोणत्यानंतर लाल झाली तर धावत सुटायचं, हे सगळं त्या एका वहीवरून सांगत. वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर दोनदा बदललं होतं. त्यांचं एक वाक्य मुलींना पाठ होतं: "पेशंटला औषधं विचारू नका, दुखणी विचारा. 'काही औषधं घेता का' म्हटलं की नाही म्हणतात. 'डोकं दुखलं तर काय करता, कंबर धरली तर काय करता' असं विचारा, मग बघा पिशवीतून काय काय निघतं ते."

आणि मग धाकटी आली.

धाकटी हे नाव पेशंटनीच पाडलं. वॉर्डात आता दोन अनुभवी सिस्टर, एक थोरली आणि एक धाकटी. वय बत्तीसच्या आसपास, अंगाने काटकुळी, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. कॅन्सरच्या नर्सिंगचा वेगळा कोर्स करून आली होती. पहिल्याच दिवशी अक्कांसमोर उभी राहून म्हणाली, "अक्का, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. मला शीर शिकवा." अक्कांना बरं वाटलं. ते बरं वाटणं साधारण आठवडाभर टिकलं.

निमित्त झालं टपालवाल्या काकांचं. आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेला उंच माणूस. कॅन्सर हाडांत उतरलेला, कूस बदलताना किंचाळायचा. त्यांना मॉर्फिन लिहिलेलं होतं. अक्कांची पद्धत जुनी. पेशंटने मागितलं की द्यायचं, तेही "अजून थोडं सहन होतंय का बघा" म्हणून. यात दुष्टपणा नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पेशंटचा श्वास मॉर्फिननंतर मिनिटाला सहावर आलेला त्यांनी पाहिला होता. तो माणूस वाचला, पण ती भीती अक्कांच्या हातात कायमची राहिली.

धाकटीने काकांचा चार्ट पाहिला आणि डॉक्टरांशी बोलली. दुसऱ्या दिवसापासून मॉर्फिन घड्याळावर सुरू झालं. दर चार तासांनी, दुखो न दुखो.

"सवय लागेल त्यांना," अक्का म्हणाल्या.

"अक्का, दुखणं एकदा डोक्यावर चढून बसलं की खाली उतरवायला दुप्पट औषध लागतं," धाकटी म्हणाली. "चढूच द्यायचं नाही. थोड्याने सुरुवात करून, श्वास मोजत, हळूहळू वाढवायचं. भीती आहे ती एकदम जास्त देण्याची, वेळेवर देण्याची नाही. आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत. नाहीतर एक दुखणं घालवून दुसरं घरात घ्यायचं."

हे ती अगदी आदराने बोलली. म्हणूनच जास्त झोंबलं.

चौथ्या दिवशी काका पलंगावर बसून स्वतःच्या हाताने दाढी करत होते. अक्का सलाईन बदलायला गेल्या तेव्हा आरशातूनच म्हणाले, "अक्का, शीर शोधावी तर तुम्हीच. पण दुखायला लागलं की त्या धाकट्या सिस्टरना पाठवत जा हं."

अक्का हसल्या. हसताना जबडा दुखला.

पुढच्या महिन्यात मेट्रनबाईंनी बुधवारचा तास धाकटीकडे दिला. "तुमच्यावरचं ओझं कमी करतेय, अक्का," असं वर म्हणाल्या. ओझं म्हणे! अक्कांनी ती वही कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या चादरींखाली सारली. बुधवारी काही ना काही कारण काढून त्या वर्गाच्या दारावरून जात. दाराला काच होती. आत मुली पुढे वाकून ऐकत असत. अक्कांच्या तासाला त्या लिहून घेत. इथं हात वर करून प्रश्न विचारत होत्या. एकदा सगळ्या एकदम हसल्या. औषधांच्या तासाला हसण्यासारखं काय असतं? अक्कांना वाटलं, आपल्यावरच हसल्या.

मत्सर हा असा पाहुणा आहे की एकदा ओसरीवर बसू दिला की स्वयंपाकघरात कधी शिरला ते कळत नाही. अक्का धाकटीचं सगळं मोजायला लागल्या. ती किती वाजता आली, किती वेळ बोलली, कोणता पेशंट तिच्याकडे बघून हसला. तिची एखादी चूक सापडावी म्हणून त्या तिचे चार्ट पुन्हा वाचत. चुका सापडत नसत. कधीतरी एखादी तारीख खाडाखोड केलेली दिसे, तेवढ्यावर दिवस बरा जाई. शीर मात्र त्यांनी धाकटीला शिकवली नाही. "बघून बघून येतं," एवढंच म्हणाल्या, आणि सुई घालताना पाठ तिच्याकडे करून बसू लागल्या.

घरी त्या भांडी आपटत. त्यांचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करत. मितभाषी माणूस, हातात कायम तेलाची बाटली. एके संध्याकाळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, एवढं पोटात दुखतंय तुझ्या, तर त्यावरही तुमच्याकडे काही असेलच की."

"कानामागून आली आणि तिखट झाली, आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय," अक्का म्हणाल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्याच घरात वन्सं राहत. यजमानांची मोठी बहीण, वय एकसष्ट. लग्न केलं नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं उभ्याने कापड कापलं. कात्री हातातून सुटली तरी जिभेवर राहिली होती. अक्का लग्न होऊन घरात आल्या त्या दिवशी वन्संनी त्यांना नखशिखान्त पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "उंची बरी आहे." तीस वर्षांत अक्कांच्या वाट्याला आलेलं त्यांचं कौतुक एवढंच. अक्कांनी त्यांची आजारपणं काढली, त्यांच्या आवडीनिवडी सांभाळल्या, पण "छान केलंस, वहिनी" हे काही त्या तोंडून निघालं नाही.

वन्संना लिम्फोमा निघाला, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. केमो सुरू झाली ती अक्कांच्याच वॉर्डात. घरच्या माणसाचं काम स्वतःकडे घ्यायचं नाही, असा तिथला नियम. वन्संचा पलंग धाकटीकडे गेला.

आणि तीस वर्षं जी जीभ कौतुकाला वळली नाही ती तीन आठवड्यांत वळली. "काय गं हात तिचा, पिसासारखा." "सगळं समजावून सांगते हो, आपल्याला अडाणी समजत नाही." "वहिनी, तू त्या मुलीकडून बोलणं शिक जरा." घरी जेवताना हेच. भावाला, शेजारणीला, फोनवरही हेच. अक्का ताटातला घास फिरवत बसत. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होई, आणि आजारी माणसावर रागावलो म्हणून पुन्हा स्वतःचाच राग येई.

वन्संचे गुडघे कारखान्यातल्या उभ्या नोकरीने कधीच गेलेले होते. सूज आणि ठणका उतरवणाऱ्या गोळ्या त्या वर्षानुवर्षं घेत. दुकानातून पाकीट आणायचं आणि चहाबरोबर एक टाकायची. केमो सुरू झाली तेव्हा अक्कांनीच त्या बंद करायला लावल्या होत्या. वन्सं "हो" म्हणाल्या होत्या. वन्संचं "हो" म्हणजे दाराला लावलेली कडी. आतून काढता येते.

पाचव्या खेपेला डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट मोठ्या मात्रेत द्यायचं ठरवलं. आजार मेंदूपर्यंत जाऊ नये म्हणून. हे औषध जसं शिरेतून आत जातं तसं मूत्रपिंडावाटे वेळेवर बाहेर पडायला लागतं. रेंगाळलं तर तोंडापासून आतड्यापर्यंत सोलून काढतं. म्हणून आधीपासून भरपूर सलाईन, लघवी आंबट राहू नये म्हणून सोड्याचं औषध, दर थोड्या वेळाने लघवीची तपासणी. आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या अजिबात नाहीत, कारण त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात आणि औषधाची बाहेरची वाट अडवतात. ही गोष्ट अक्कांनी अकरा वर्षं वर्गात सांगितली होती.

भरतीच्या दिवशी सकाळी दोघी रिक्षाने हॉस्पिटलला निघाल्या. वाटेत वन्संनी पर्समधून पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या.

"वन्सं! या बंद केल्या होत्या ना?"

"अगं, गेले चार दिवस गुडघा फार ठणकतोय. जिना उतरता येईना. एक-दोन घेतल्या रोजच्या."

"वॉर्डात गेल्यावर सिस्टरना सांगा आधी. न विसरता."

"सांगते गं बाई."

अक्कांच्या मनात तोवर काही काळंबेरं नव्हतं, हे सांगायला हवं.

वॉर्डात धाकटीने वन्संना पलंगावर बसवलं, त्यांचे बूट स्वतः काढले, आणि भरतीचा कागद घेऊन समोर बसली. त्या दिवशी दोन जणी रजेवर होत्या आणि तीन पेशंट एकदम आले होते. पेन चालवत ती विचारत गेली. ताप? नाही. उलटी? नाही. दात दुखतो? नाही. "बाहेरची आणखी काही औषधं चालू आहेत का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. आणि म्हणताना त्यांनी अक्कांकडे पाहिलं.

अक्का शेजारच्या पलंगापाशी सलाईनची नळी मोकळी करत होत्या. चार पावलांवर. धाकटीने "नाही" लिहिलं, खाली सही केली आणि पान उलटलं.

ज्या प्रश्नाने फसगत होते म्हणून अक्का वर्षानुवर्षं सांगत आल्या तोच प्रश्न, जवळजवळ तसाच, त्या हुशार मुलीने विचारला होता. अक्कांच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं. तो आनंद होता. पुढे कित्येक महिने त्या स्वतःशी त्याला दुसरं नाव शोधत राहिल्या, पण सापडलं नाही.

लगेच सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. हॉस्पिटलच्या औषधविभागातून मेथोट्रेक्झेटची पिशवी यायला नेहमी पाच वाजायचे. त्याआधी चारला डॉक्टरांचा राउंड. तेव्हा सगळ्यांसमोर, अगदी सहज, म्हणायचं: "डॉक्टर, यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांचं कुणी विचारलं का हो?" वाक्य त्यांनी मनात दोनदा म्हणून पाहिलं. "कुणी" या शब्दावर किंचित थांबायचं. तोवर नुसतं सलाईन चाललंय, कुणाचं काही बिघडत नाही. चारपर्यंतचा तर प्रश्न.

दोनला वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. एका म्हाताऱ्या बाईंची शीर कुणाला सापडत नव्हती. अक्का गेल्या. त्या दिवशी त्यांचा हात देवासारखा चालला, पहिल्याच टोचणीत शीर. तिथल्या नर्सेस म्हणाल्या, "अक्का, तुमच्यासारखं कुणी नाही." एकीने चहा आणला. अक्का सहसा थांबत नसत, पण त्या दिवशी थांबल्या. कुणीतरी आपल्याविषयी बोलतंय, ते ऐकत कपातला शेवटचा घोट थंड होईपर्यंत बसल्या.

खाली आल्या तेव्हा पावणेचार झाले होते. वन्संच्या पलंगाशी पंपाचा दिवा लुकलुकत होता, आणि वर लटकलेल्या पिशवीतला द्रव पिवळा होता.

डॉक्टरांना मीटिंग होती, म्हणून राउंड अडीचलाच उरकला होता. औषधविभागाने वर्षात पहिल्यांदा पिशवी वेळेआधी पाठवली होती. पाऊण तास झाला होता सुरू होऊन.

अक्का धावल्या. बावन्न वर्षांच्या बाईला वॉर्डात धावताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पंप थांबवला, नळीची क्लिप दाबली आणि ओरडल्या, "डॉक्टरांना बोलवा! यांच्या पर्समध्ये गोळ्या आहेत, सुजेच्या, रोज घेतायत वाटतं!"

धाकटी जागच्या जागी पांढरी पडली. "पण मी विचारलं होतं... तुम्हाला कसं कळलं, अक्का?"

"आत्ता पर्स आवरताना पाकीट दिसलं," अक्का म्हणाल्या.

खोटं किती चटकन येतं तोंडात. आयत्या शिरेसारखं.

पिशवीतलं पाचव्या हिश्शाइतकं औषध आत गेलं होतं. डॉक्टरांनी बाकीचं थांबवलं, सलाईन वाढवलं, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड सुरू केलं आणि रोज रक्तातली पातळी तपासायला सांगितली. मेट्रनबाई संध्याकाळी वॉर्डात आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शेवटी अनुभव तो अनुभव." धाकटीला लेखी मेमो मिळाला. बुधवारचा तास अक्कांकडे परत आला.

धाकटी त्यांच्यापाशी आली. डोळे सुजलेले. "अक्का, तुम्ही होतात म्हणून. नाहीतर माझ्या हातून आज..." तिने अक्कांचा हात घट्ट धरला. अक्कांनी तो सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "असू दे, होतं असं." हे वाक्य आपल्या तोंडून किती मोठ्या मनाचं निघालं, असंही त्यांना तेव्हा वाटून गेलं.

तिसऱ्या दिवशी वन्संच्या मूत्रपिंडाचे आकडे चढले. पाचव्या दिवशी तोंड आलं. साधं तोंड येणं नव्हे. ओठ, जीभ, टाळू, घसा, सगळं सोललेलं. थुंकी गिळता येईना, बोलणं तर दूरच. वन्सं उशीशी कागद-पेन्सिल घेऊन बसल्या. अक्का सुट्टीच्या वेळात जवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय हवंय वन्सं? मी आहे ना." वन्संनी लिहिलं: "धाकटीला बोलव."

मेमो मिळालेल्या बाईला त्याच पलंगाशी पाठवणं मेट्रनबाईंना पटेना, पण वन्संनी कागदावर तेच शब्द पुन्हा गिरवले. धाकटी आली. तिने आधी मूत्रपिंडाचे आकडे पाहिले. मग डॉक्टरांना म्हणाली, "नेहमीसारखं चार तासांनी नको. यांचं मूत्रपिंड दमलंय, मॉर्फिनचा अंश अंगात साठत जाईल. मात्रा कमी आणि मधलं अंतर जास्त ठेवू या. मी श्वास मोजते." डॉक्टरांनी मान डोलावली. मग तिने मिठा-सोड्याच्या पाण्याने वन्संचं तोंड धुतलं, कापसाच्या बोळ्याने, थेंबाथेंबाने. बधिर करणारं जेल लावलं. औषध दिल्यावर स्टूल ओढून बसली, मनगटावरचं घड्याळ आणि वन्संची छाती आळीपाळीने बघत. ड्यूटी संपून गेल्यावरही बसून राहिली.

अक्का दारात उभ्या होत्या. चूक कुणाची, मेमो कुणाला, सोसतंय कोण, सगळं त्यांना ठाऊक होतं. तरी त्या क्षणी त्यांना काय वाटलं? की माझ्या घरच्या माणसाला हिच्या हाताने आराम पडावा! पश्चात्तापालाही मत्सराने आत येऊ दिलं नाही.

नवव्या दिवशी आकडे उतरू लागले. दहाव्या दिवशी वन्सं बोलल्या. शब्द जाड, तोंडात कापूस धरल्यासारखे.

"वहिनी, त्या मुलीला माझ्यामुळे बोलणी खावी लागली ना?"

"तुम्ही नका विचार करू त्याचा."

"तिने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. म्हटलं गुडघ्याची गोळी ते कसलं औषध. पण मला धाकधूक होतीच, तू रिक्षात बोलली होतीस ना. म्हणून मी तुझ्याकडे बघितलं." वन्सं थांबल्या, पाण्याने ओठ ओले करून घेतले. "तू काही बोलली नाहीस. मी समजले, चालत असेल. आमच्या घरात औषधातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं? मी कारखान्यातही सगळ्यांना सांगायचे, माझी वहिनी डॉक्टरांच्या चुका काढते. तू गप्प राहिलीस म्हणजे ठीकच असणार."

अक्का उभ्या राहिल्या. पलंगाची चादर नीट खोचली आणि बाहेर आल्या. तीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द असे, या तोंडातून, या दिवशी यावेत!

त्या तडक मेट्रनबाईंच्या खोलीत गेल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मॅडम, तो मेमो मागे घ्या. मला माहीत होतं. रिक्षात माझ्यासमोर गोळी घेतली होती. ती मुलगी विचारत होती तेव्हा मी चार पावलांवर होते."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "विसरलात?"

"नाही. विसरले नाही. तिची चूक राउंडला सगळ्यांसमोर दाखवायची होती. म्हणून थांबले."

मेट्रनबाई म्हणाल्या, "अक्का, हे मला लिहून द्यावं लागेल."

"देते."

चौकशी झाली. मेमो मागे घेतला गेला, धाकटीला भरतीच्या कागदावरचे प्रश्न बदलून द्यायला सांगितलं गेलं. अक्कांची वर्षभराची पगारवाढ थांबली आणि त्यांना वॉर्डातून काढून तळमजल्यावर रक्त तपासणीच्या खोलीत बसवलं. तास अर्थातच गेला.

पण त्याआधी, लिहून दिल्याच्याच दुपारी, त्या औषधांच्या खोलीत धाकटीकडे गेल्या. ती कपाटातल्या मॉर्फिनची नोंद तपासत होती. अक्कांनी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, "पर्स आवरताना" हे खोटं होतं इथपर्यंत. धाकटीने पेन खाली ठेवलं.

"दहा दिवस मला नीट झोप नाही, अक्का," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "डोळे मिटले की ती पिवळी पिशवी दिसते. मी नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय. बॅगेत आहे."

"सोडू नकोस."

"ते तुम्ही सांगू नका," ती म्हणाली. "मी कागद वाचून विचारलं, माणूस बघून विचारलं नाही. ती चूक माझी आहेच. पण तुम्हाला माझा एवढा राग होता तर मला चार शब्द ऐकवायचे होते. तुमच्या नणंदेच्या शिरेतून कशाला?"

"तुला शीर शिकवायला हवी होती मी," एवढंच अक्कांच्या तोंडून निघालं. त्याचा तिथं काही संबंध नव्हता, किंवा तोच सगळा संबंध होता.

"आता नको," धाकटी म्हणाली आणि पुन्हा नोंदवहीकडे वळली.

घरी अक्कांनी यजमानांना सांगितलं, आणि वन्सं घरी आल्यावर त्यांनाही. यजमान उठून बाहेर गेले आणि तासाभराने परत आले. वन्सं तीन आठवडे भावजयीच्या हातचं पाणीही प्यायल्या नाहीत, शेजारणीकडून मागवत. चौथ्या आठवड्यात एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "माझ्या जागी दुसरी कुणी असती तर सांगितलं असतंस का?"

अक्कांनी विचार केला. "माहीत नाही, वन्सं."

"निदान खरं तरी बोललीस," असं म्हणून वन्सं खुर्ची ओढून बसल्या. त्या दिवसापासून घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. पूर्वीचंच, टोचून.

धाकटीने नोकरी सोडली नाही. वर्षभराने ती वॉर्डाची इन्चार्ज झाली. बातमी तळमजल्यावर पोचली तेव्हा अक्का एका पोराच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. पट्टा जरा जास्तच आवळला गेला. पोरगा ओरडला, तेव्हा त्यांनी सैल केला. असूया काही रजा घेऊन जात नाही. तिला मनात घेऊनच काम करायचं, एवढंच अक्का शिकल्या.

वन्संच्या मूत्रपिंडाला कायमची इजा झाली नव्हती. उपचार वेगळ्या औषधांनी पुरे झाले. दर सहा महिन्यांनी तपासणी असे. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला अक्का रिपोर्टच्या खिडकीबाहेर बाकावर बसल्या होत्या. धाकटी कुठलेसे कागद घेऊन तिथून चालली होती. दोन वर्षांत त्या एकमेकींशी कामापलीकडे बोलल्या नव्हत्या. ती पुढे गेली, थांबली, मागे आली.

"वन्संचा आहे का?"

"हो. आज देणार म्हणालेत."

धाकटी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसांची जागा राहिली. खिडकी उघडून आतल्या माणसाने लिफाफा दिला. अक्कांनी तो फोडायचा प्रयत्न केला, पण हजारो शिरा अचूक धरणारी त्यांची बोटं कडेला घसरत होती. धाकटीने हात पुढे केला. अक्कांनी क्षणभर लिफाफा धरून ठेवला, मग दिला.

तिने फोडला, वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांच्यासमोर धरला. आजाराचा मागमूस नव्हता.

"अभिनंदन," ती म्हणाली आणि उठली. "वन्संना सांगा, मी विचारलं म्हणून."

"सांगते," अक्का म्हणाल्या. घरी जाऊन त्यांनी तो निरोप शब्दन् शब्द दिला. वन्संनी रिपोर्टकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आधी धाकटी कशी दिसत होती, बारीक झाली का, हेच विचारत बसल्या, आणि अक्कांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.